मोठं करणं म्हणजे झूम करणं नव्हे

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे ना’, ‘काय म्हणतात ते’ बरेचसे गाळलेत. बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, मोरीत भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसात बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघत असाल, तर इअरफोन कानात राहू द्या. आजचा विषय स्क्रीनचा नाही, हाताचा आहे. गेल्या काही महिन्यांत मी एक मोठं रेझिन मॉडेल बांधलं आणि रंगवलं. सव्वा फूट उंच, दोन पायांवर उभं असलेलं युद्धयंत्र. सुटे भाग ८७. आणि ते बांधताना मला जे शिकायला मिळालं, त्यातलं अर्ध यूट्यूबवर मिळालं आणि अर्ध आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवर, लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात. त्याबद्दल आज बोलायचंय.

मिनिएचर म्हणजे काय रे भाऊ?

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. दिवाळीत किल्ला केलाय ना? दगड, माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव, आणि मग दादरच्या नाहीतर गिरगावच्या बाजारातून आणलेले मावळे. महाराज सिंहासनावर, दरवाज्यात भालदार, तोफेशेजारी एक गोलंदाज. त्या मावळ्यांना नियम द्या, म्हणजे एका डावात किती इंच चालायचं, तोफ किती लांब मारा करणार, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं, की झाला वॉरगेम. इतकं सोपं आहे.

हे फार जुनं प्रकरण आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा ‘क्रीगस्पील’ नियमांसकट छापला, अधिकाऱ्यांना लढाई शिकवायला. १९१३ साली एच. जी. वेल्सने, हो, तोच ‘टाइम मशीन’वाला, ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि खेळण्यातले शिपाई घेऊन दिवाणखान्यात लढाया कशा करायच्या ते सांगितलं. १९८७ साली इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ आला आणि मग हा छंद जगभर गेला. त्यातला नेहमीचा माणूस साधारण ३२ मिलिमीटरचा असतो. आपल्या अंगठ्याच्या एका पेराएवढा. आणि त्यातच ‘टायटन’ नावाची अजस्र यंत्रं असतात, त्या छोट्या माणसांच्या शेजारी इमारतीसारखी उभी राहणारी. माझं मॉडेल त्याच जातकुळीतलं, पण एका स्वतंत्र शिल्पकाराने डिझाइन केलेलं. ओतीव रेझिनमध्ये.

आता मी छोटी मिनिएचर चार वर्षं रंगवतेय. त्यामुळे लोकांना वाटतं, की मोठं म्हणजे तेच काम, फक्त जास्त वेळ. तसं नाहीये. मोठं मॉडेल म्हणजे छोटं मॉडेल झूम केलेलं नाही. आकार वाढला की वजन बदलतं, सांधा बदलतो, रंगाचा हिशेब बदलतो आणि शेवटी त्या वस्तूचं करायचं काय, हा प्रश्नही बदलतो. आज हे चार मुद्दे एकेक करून घेऊ.

एक: वजन

सगळ्यात आधी गणित. घाबरू नका, सोपं आहे. ३२ मिलिमीटरचा एक भरीव रेझिनचा शिपाई घ्या. समजा त्याचं वजन ४ ग्रॅम. त्याला सगळ्या बाजूंनी बारापट करा, म्हणजे झाला ३८४ मिलिमीटर, साधारण सव्वा फूट. वजन किती होईल? बारापट नाही. बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पट. चार ग्रॅमचे झाले जवळपास सात किलो! पण पायाच्या तळव्याचं क्षेत्रफळ वाढलं फक्त बारा गुणिले बारा, १४४ पट. म्हणजे घोट्यावर, प्रत्येक चौरस मिलिमीटरवर, आधीच्या बारापट भार. हे गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात मांडून ठेवलंय. मोठ्या प्राण्याचं हाड लहान प्राण्याच्या हाडापेक्षा प्रमाणात जाड का लागतं, ते याचमुळे.

आता हेच लालबागमध्ये नेऊन बघा. गणेश गल्लीचा, म्हणजे मुंबईचा राजा. मंडळ १९२८ चं. १९७७ साली त्यांच्या सुवर्णमहोत्सवात मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटांची मूर्ती केली, आणि उंच गणपतींची चाल तिथून पडली. घरातल्या दोन फुटांच्या गणपतीशी तुलना केली तर २२ फूट म्हणजे अकरापट उंची. पण भरीव केली असती तर वजन १,३३१ पट! दोन फुटांची मूर्ती एक माणूस पाटावर घेऊन जिना उतरतो. तिचं १,३३१ पट वजन लालबागच्या रस्त्यावरून ट्रॉलीवर ओढून बघा.

म्हणून मोठी मूर्ती भरीव नसतेच. ती कवच असते. साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर द्यायचा, त्यात काथ्या बसवायचा, वर परत प्लास्टर. प्लास्टर दाबाला मजबूत, पण ओढलं की तडकतं. काथ्या ओढ घेतो. सिव्हिलवाले मित्र आता हसतील, कारण हेच सिमेंट आणि सळईचं नातं. आणि आत सगळा भार घेणारा सांगाडा, लाकडाचा नाहीतर लोखंडाचा. डोळ्यांना दिसते ती मूर्ती, पण उभा असतो तो सांगाडा.

माझं मॉडेलही तसंच. धड पोकळ, पायांत जाड ठोकळे, एकूण वजन दोन किलोच्या आसपास. पण दोन किलो दोन घोट्यांवर, आणि पोझ चालतानाची, म्हणजे एक पाय अर्धा उचललेला. किटबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, भाग चिकटवा. बस. मी ते घोटे घेऊन कारखान्यातल्या काकांकडे गेले. काका गेली तीस वर्षं मूर्तीकाम करतायत. त्यांनी तो पाय हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, यात सळई कुठंय? रंग दाखवायला आणलेला नमुना त्यांनी बघितलाही नाही. आधी उभं कसं राहणार, मग दिसणार कसं. हा त्यांचा क्रम.

दोन: सांधा

तर मग सळई. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर तिथे अवजारांची इतकी दुकानं आहेत, की पगार झाल्यावर जाऊ नये. तिथून बारीक हातड्रिल आणि पितळेच्या सळया आणल्या. बोटं, अँटेना असल्या बारीकसारीक भागांना एक मिलिमीटरची, घोटे आणि कंबर यांना तीन मिलिमीटरची. दोन्ही तुकड्यांना समोरासमोर भोक पाडायचं आणि मध्ये सळई घालायची. भोकं समोरासमोर येण्यासाठी एक साधी युक्ती आहे. एका बाजूला जिथे भोक हवं तिथे ओल्या रंगाचा ठिपका द्या, दुसरा भाग त्यावर टेकवा. ठिपका तिकडे उमटतो. तिथेच ड्रिल लावा. मोजपट्टी नको, काही नको.

पण हे सगळं चिकटवण्याआधी रेझिनची तयारी लागते. तीन गोष्टी नीट ऐका.

पहिली, आंघोळ. ओतीव रेझिन साच्यातून सुटावं म्हणून साच्याला तेलकट द्रव्य लावतात. ते भागांवर राहिलं तर रंग धरत नाही, नंतर पापुद्रे निघतात. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश. ८७ भाग मोरीत बसून घासले. आईने विचारलं, एवढ्या मन लावून घरातली भांडी कधी घासणार?

दुसरी, वाक. लांब, पातळ भाग प्रवासात किंवा उष्णतेने वाकतात. माझ्या यंत्राची तोफ केळ्यासारखी आली होती. अशा वेळी ओतीव रेझिन गरम पाण्यात बुडवायचं. उकळतं नको, हात पटकन मागे घ्यावा लागेल इतपत गरम पुरे. ते मऊ होतं. सपाट जागेवर सरळ करायचं आणि तसंच धरून थंड पाण्यात. सरळ राहतं. हे ओतीव रेझिनसाठी हं. थ्रीडी प्रिंटरमधून निघालेलं रेझिन वेगळं, ते जपून, त्यातलं काही ठिसूळ असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि इथे मी जरा गंभीर होणार आहे. धूळ. रेझिन कोरडं घासलं की अतिशय बारीक पूड उडते, आणि ती फुप्फुसात जाऊन बसण्याइतकी बारीक असते. आमची खोली दहा बाय बारा. त्यात चार माणसं, आणि त्यातली एक माझी आजी, जिला दमा आहे. खिडकी उघडली की हवा कॉमन गॅलरीत, म्हणजे शेजाऱ्यांच्या दारात. त्यामुळे किट घरी येण्याआधीच मी नियम ठरवला. कोरडं घासकाम घरात अजिबात नाही. बादलीत पाणी, त्यात भाग बुडवायचा, वॉटर पेपरने पाण्याखालीच घासायचं. तोंडावर एन-९५ मास्क, हातात ग्लोव्ह्ज. ते पाणी मोरीत ओतायचं नाही, जुन्या सुती कपड्यातून गाळायचं, गाळ वाळवायचा आणि बांधून सुक्या कचऱ्यात टाकायचा. आणि ज्यांच्याकडे रेझिन प्रिंटर आहे त्यांना हात जोडून सांगते, न सुकलेलं रेझिन उघड्या हाताने धरू नका. त्वचेला एकदा त्याची अॅलर्जी झाली की ती पाठ सोडत नाही. यूट्यूबवरचा गोरा दादा वेगळ्या गॅरेजमध्ये एक्झॉस्ट पंखा लावून काम करतो. आपलं गॅरेज म्हणजे आजीची खाट. ते लक्षात ठेवून शिका.

आता गोंद. फेविक्विक ओढायला घट्ट, पण धक्क्याला ठिसूळ. आपल्याकडच्या दमट हवेत तो फटकन धरतो, कारण तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. बारीक भागांना उत्तम. पण भार घेणाऱ्या सांध्याला दोन नळ्यांचं अॅराल्डाइट. रात्री लावा, सकाळपर्यंत हलवू नका. आणि फटी भरायला परदेशी ‘ग्रीन स्टफ’ मागवायची गरज नाही. नळाची गळती थांबवायला घरात एम-सील असतंच. तीच दोन रंगांची कणीक मळायची, फटीत भरायची, ओल्या बोटाने गुळगुळीत करायची.

कारखान्यात याच कामाला सगळ्यात जास्त वेळ जातो. मोठी मूर्ती एका साच्यातून निघत नाही. हात, पाय, सोंड, पोट, कान वेगळे. लालबागच्या राजाचंच बघा. मंडळ १९३४ चं, आणि मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या कांबळी कुटुंब घडवतं. तिचे भाग कार्यशाळेत तयार होतात, मग मंडपात आणून जोडतात. म्हणजे जगातलं सगळ्यात प्रसिद्ध ‘मल्टिपार्ट असेंब्ली’ आपल्या रस्त्यावर दरवर्षी होतं आणि आपण ते किट म्हणून कधी बघतच नाही! सांध्यावर काथ्या आणि प्लास्टर, मग लांबी भरायची, मग पॉलिश पेपर. काका सांध्यावरून डोळे मिटून हात फिरवतात. म्हणतात, डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही. मी घरी येऊन तेच केलं. खांद्याचा जो सांधा दिव्याखाली एकदम सपाट दिसत होता, तिथे बोटाला पायरी लागली.

तीन: रंग

आता ज्याची सगळे वाट बघत होते ते. रंगाचा पहिला प्रश्न असतो, बघणारा कुठे उभा आहे?

छोट्या मिनिएचरवर आपण सावली रंगवतो. पेराएवढ्या चेहऱ्यावर खऱ्या प्रकाशाची सावली इतकी पुसट पडते, की नाक आणि गाल एकच दिसतात. म्हणून वरून पांढरा फवारा, खालून काळा, खाचांत पातळ काळपट रंग सोडायचा, कडांवर उजळ रेघ. आपण प्रकाशाचं काम ब्रशने करतो.

मोठ्या मॉडेलवर खरा प्रकाश स्वतःच सावली पाडतो. तिथे तीच जोरकस कडेची रेघ दिली की कार्टून दिसतं. आणि उलट अडचण म्हणजे मोठे सपाट पत्रे. तळहाताएवढा भाग एका रंगात सोडला की तो प्लास्टिकचा डबा वाटतो. डोळ्याला थांबायला काहीतरी हवं. मूर्तीत हे काम धोतराच्या चुण्या करतात, शेल्याचा काठ करतो, दागिने करतात. यंत्राला धोतर नाही! मग तिथे गंज, पोपडे, तेलाचे ओघळ.

गंज शिकायला मी इंटरनेट बघितलं नाही. दारूखान्याला गेले, जिथे जुनी जहाजं तोडतात. समुद्राच्या खाऱ्या हवेतलं लोखंड कसं गंजतं ते तिथे रस्त्यावरून चालतानासुद्धा दिसतं. गंज कुठेही येत नाही. तो बोल्टपाशी येतो, जोडापाशी येतो, पाणी साठतं तिथे येतो, आणि तिथून सरळ खाली ओघळतो. ओघळ वर जाड, खाली निमुळता. सुरुवातीला भगवट, आत काळपट तपकिरी. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर बराचसा टिपून, पत्र्याच्या कडांवर हलका टेकवला की रंग उडाल्याचे पोपडे तयार. परदेशी बाटलीवर ‘रस्ट’ लिहिलेलं असतं, पण तो गंज इंग्लंडचा. आपला गंज शिवडीच्या हवेतला!

मोठ्या पृष्ठभागाला ब्रश पुरत नाही, रेघा राहतात. तिथे एअरब्रश. माझ्या एअरब्रशचं तोंड ०.३ मिलिमीटर. कारखान्यात यालाच ‘गन’ म्हणतात, तोंड मोठं आणि कॉम्प्रेसर खणखणीत. तत्त्व तेच. रंग दुधासारखा पातळ, हात सतत हलता, थर पातळ आणि अनेक. मूर्तीच्या अंगाचा रंग बघा कधी जवळून. एक गुलाबी नसतो तो. पोटाच्या गोलाईखाली गडद, वर उजळ, गालाशी आणि कानाच्या पाळीशी लालसर झाक, कुठेही रेघ न दिसता. यूट्यूबवर ज्याला ‘मॉड्युलेशन’ म्हणून दहा-दहा व्हिडिओ बनतात, ते इथला विशीतला पोरगा सकाळपासून चहाच्या दोन कपांवर करत असतो.

आणि पावसाळा. आपल्याकडे गणपतीचं रंगकाम ऐन जून ते ऑगस्टमध्ये येतं, म्हणजे रंगासाठी वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत. दमट हवेत स्प्रेचा प्रायमर मारला की ओलावा थरात अडकतो आणि पांढरट धुकं येतं. कारखान्यात बाहेर ताडपत्री, आत पंखे, मोठाले दिवे, आणि घाई असली तरी थर वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मी माझा प्रायमर नवरात्राच्या मूर्ती गेल्यावर मारला, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, आणि घरात नाही. काकांचा गाळा त्या दिवसांत जरा मोकळा असतो. त्यांनी एक कोपरा दिला. बदल्यात मी त्यांचं ऑर्डरचं वहीखातं एका साध्या स्प्रेडशीटमध्ये घालून दिलं. फेअर डील!

आता डोळे. मूर्तीच्या डोळ्यांच्या कामाला ‘आखणी’ म्हणतात. ती सगळ्यात शेवटी. श्रद्धेचं कारण आपल्याला माहीत आहेच, पण त्यामागे कामाचंही कारण आहे. आधीच्या प्रत्येक टप्प्यात धूळ उडते, फवारा उडतो, हात लागतात. जी जागा एका केसाने चुकली तरी दिसते, ती शेवटी. आणि बघणारा खाली उभा आहे, मान वर करून. म्हणून पापणी थोडी खाली, नजर खाली. सरळ समोर बघणारे डोळे काढले तर २० फुटांवरून मूर्ती समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे बघेल आणि दर्शनाला आलेला माणूस तसाच राहील. काका आखणीआधी शिडीवरून उतरतात, दाराशी जातात, जिथे भक्त उभा राहणार तिथे उभे राहतात, बघतात, मग परत चढतात. चार-पाच वेळा.

माझं यंत्र टेबलावर असतं आणि खेळणारा खुर्चीत बसून, दोन-तीन फुटांवरून, वरून खाली बघतो. म्हणजे उलटं! डोळ्याच्या काचा मी शेवटी रंगवल्या, आणि उजळ ठिपका वरच्या बाजूला दिला, खुर्चीतून दिसेल असा. हे मला कुठल्याही ट्युटोरियलने सांगितलं नव्हतं. त्या शिडीने सांगितलं.

एक स्पष्ट करते, कारण कमेंटमध्ये कोणीतरी म्हणेलच. एक देव आहे, दुसरं खेळणं आहे. मी त्यांची बरोबरी करत नाहीये. बरोबरी हातांच्या कामाची आहे. आणि त्यात माझे हात फार मागे आहेत.

चार: नंतर कुठे?

शेवटचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर यासाठीच मला हा भाग करायचा होता.

मोठी वस्तू बनवताना आपण ‘कशी’ विचारतो. ‘नंतर कुठे जाणार’ हे विचारत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही, विसर्जनानंतरच्या किनाऱ्यावर ते आपण सगळ्यांनी बघितलंय. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपी मूर्तींवर बंदीच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. मग जुलैमध्ये सहा फुटांवरच्या मूर्तींना तात्पुरती समुद्राची परवानगी मिळाली. त्या सहा महिन्यांत कारखान्यात काय वातावरण होतं सांगू? नेहमीच्या दिवसांत साचे भरायची घाई असते. तेव्हा माणसं मोबाईलवर बातमी बघत बसली होती. कारण ऑर्डर घ्यायची की नाही हेच माहीत नव्हतं, आणि गावाहून येणाऱ्या कारागिरांना या म्हणायचं की नको, हेही.

मला यात सोपं उत्तर देता येत नाही आणि मी देणारही नाही. समुद्र खरा आहे, आणि त्या माणसांचं पोटही खरं आहे. पण उत्तरं शोधणारे याच भागात आहेत. गिरगावात निकदवरी लेनचा राजा शाडूच्या मातीचा असतो, तोही भव्य. शाडू जड, वाळायला वेळखाऊ, तडकणारी. म्हणजे वजनाचं तेच गणित आणखी अवघड होतं, तरी करतात. त्याच गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासूनचा गणपती आहे, आणि तिथली मूर्ती आजही छोटी. तिचा मान उंचीवर कधी ठरलाच नाही. आणि परळचे विजय खातू, ज्यांच्या उंच मूर्ती बघायला आगमनाच्या दिवशी रस्ते भरायचे, ते २०१७ च्या जुलैमध्ये गेले, सीझन तोंडावर असताना. त्यांची मुलगी रेश्मा खातू पुढे आली आणि काम थांबू दिलं नाही. मुलगी शिडीवर चढणार का, असं विचारणाऱ्यांना उत्तर देण्यात तिने वेळ घालवला नाही, मूर्ती वेळेत दिल्या. हे ऐकून मला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

आणि माझं रेझिन? ते तर प्लास्टरपेक्षा हट्टी. विरघळत नाही, कुजत नाही, पुन्हा वितळवून वापरताही येत नाही. म्हणून मी एक गोष्ट ठरवली. असं मोठं मॉडेल एकच. ते खेळात वापरायचं, मित्रांना वापरायला द्यायचं, कंटाळा आला तर रंग खरवडून दुसऱ्याने नव्याने रंगवायचं. कपाटातल्या न उघडलेल्या खोक्यांची संख्या या छंदात लोक अभिमानाने सांगतात. दहा बाय बाराच्या खोलीत तो अभिमान परवडत नाही. आणि मला वाटतं, मोठ्या बंगल्यातही परवडू नये.

तर सुरुवात कशी करायची?

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी पटकन. लगेच मोठ्याला हात घालू नका. या दिवाळीत किल्ल्यासाठी दहा मावळे आणा, त्यांना पांढरा प्रायमर द्या आणि स्वतः रंगवा. साधे अॅक्रिलिक रंग चालतात, कॅम्लिनचेही, फक्त पातळ करून दोन थर. एक बारीक ब्रश चांगला घ्या, बाकी स्वस्त चालतील. आणि मोठं काही बनवायची इच्छा झालीच, तर पैसे भरण्याआधी कागदावर चार उत्तरं लिहा. भार कोण घेणार? सांध्यात काय असणार? बघणारा कुठे उभा आहे? आणि काम झाल्यावर ही वस्तू कुठे जाणार? चौथं उत्तर सुचत नसेल, तर अजून महिनाभर थांबा.

आणि एक विनंती. आगमनाच्या दिवशी लालबाग-परळला आपण सगळे मोबाईल वर धरून उभे असतो. यंदा त्याआधी दोन महिने या. एखाद्या कारखान्याच्या दाराशी उभे राहा, आत येऊ का विचारा. बहुतेक ठिकाणी ‘या’ म्हणतात, फक्त कामात मध्ये येऊ नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. मूर्तीचा चेहरा नंतर बघायचाच आहे. तेव्हा मागच्या बाजूला जा, जिथे सांगाडा अजून उघडा असतो, काथ्या बाहेर दिसतो, आणि कोणीतरी डोळे मिटून सांध्यावरून हात फिरवत असतो.

पुढच्या भागात प्रायमर आणि ब्रश निवडण्याबद्दल तुम्ही पाठवलेले प्रश्न घेणार आहे, तेव्हा प्रश्न पाठवत राहा. तोपर्यंत, घासकाम पाण्याखाली, मास्क तोंडावर. भेटू!